माळ्यावर न बोलायचा शब्द

आईच्या पलंगाच्या वर, छताच्या तुळईला, दोन चाकांची एक कप्पी टांगलेली होती. तिच्यातून जाणारा दोर जुन्या नाट्यगृहाच्या पडद्याचा. नाट्यगृह पाडलं त्या दिवशी कुणी खुर्च्या नेल्या, कुणी आरसे, कुणी दारावरचा पितळी आकडा. बाबांनी दोर आणला. खांद्यावर वेटोळं टाकून पायीपायी, घरच्या माणसाला दवाखान्यातून परत आणावं तसा.

तो कशाला लागणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आई तेव्हा चालत होती, नुसती चालत नव्हती, जिन्यावरून वाकून भाजीवाल्याशी भांडत होती. मग तिचा डावा पाय गेला. आणि त्याला एकट्याला करमेना म्हणून की काय, मागोमाग उजवाही गेला.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा तिला पलंगावरून उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवत. त्यासाठीची झोळी तिनं स्वतःच शिवली होती. ती नाट्यगृहात कपडेपट सांभाळायची, त्यामुळे जाड कापडाला आतून जुन्या पडद्याची मखमल लावायचं तिला सुचलं. झोळीचे चारही कान आकड्यात अडकवायचे, बाबांनी पलंगाच्या पायाला टाच लावायची, आणि नाट्यगृहात बाबा रंगमंचावरच्या माळ्यावर पडदे ओढायचे, तिथलं जुनं गाणं म्हणत दोर ओढायचा :

ओढ गड्या ओढ, डोंगर वर गेला
दे गड्या दे, नदी खाली आली
डोंगर नि नदीची पडली गाठ
राणीच्या महाली सांज झाली

रंगवलेले पडदे वर-खाली करायचं ते गाणं. 'ओढ' म्हटलं की डोंगर वर, 'दे' म्हटलं की नदी खाली. त्या गाण्यात आई पलंगावरून उठायची, क्षणभर हवेत तरंगायची आणि खुर्चीत उतरायची.

"अहो, हळू," ती वरून म्हणायची. "माझा अंक अजून संपलेला नाही."

"राणीसाहेबांनी हालचाल करू नये," बाबा दात आवळून म्हणायचे.

माळ्यावर दोनच शब्द चालायचे, ओढ आणि दे. तिसरा शब्द तिथे कुणी तोंडातून काढायचा नाही, असा दोरवाल्यांचा दंडक होता. कुणी साधी टोपी धरून उभा असला तरी त्याला 'सोड' म्हणायचं नाही. का, तर अंधारात चौघं चार दोर धरून उभे असतात, आणि तो शब्द कुणाच्या कानावर कसा पडेल याचा भरवसा नाही. थोरली लेक लहान असताना एकदा फुगा घेऊन माळ्यावर गेली होती. "बाबा, मी हा सोडू?" एवढंच ती म्हणाली. सगळ्या माणसांच्या मुठी एकदम आवळल्या, आणि कुणीतरी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. त्या बोटाला तागाचा वास होता.

पुढे एका नव्या गड्यानं तो दंडक मोडला. एकाच्या हातात गाठोडं होतं, त्याला तो 'सोड' म्हणाला, आणि पलीकडच्यानं पडद्याचा दोर सोडला. पडद्याच्या तळाशी लोखंडी कांब होती. खाली आई गुडघ्यांवर बसून नटीच्या घागऱ्याला टाका घालत होती. बाबांनी पळता दोर दोन्ही हातांनी धरला. दोर थांबला, कांब आईच्या अंबाड्यावर वीतभर उंचावर थांबली, आणि बाबांच्या तळहातांची कातडी दोराबरोबर गेली. अजून त्यांचे तळवे मेणासारखे गुळगुळीत आहेत. भविष्य सांगणाऱ्यानं हात पाहून परत केले असते.

"तेव्हाच हात आखडता घेतला असता," आई कधीकधी झोळीत बसून म्हणायची, "तर आज एवढं ओझं उचलावं लागलं नसतं तुम्हाला."

"चूक झाली," बाबा म्हणायचे. "ओढ गड्या ओढ."

एका वर्षी थंडीत दोर निसटला. त्याच तळव्यांतून. आई खुर्चीच्या काठावर आदळून पलंगावर पडली. हाड वाचलं, पण कुल्ला काळानिळा झाला. डॉक्टरीणबाईंनी कप्पीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, मग बाबांना मूठ आवळायला सांगून त्या मुठीत आपली दोन बोटं दिली.

"आजोबा, ताकद उतरलीय," त्या म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर यांना संस्थेत ठेवावं लागेल. तिथे माणसं आहेत, यंत्रं आहेत. घरी हे जमणारं काम नाही."

आईनं तोंड भिंतीकडे केलं. त्या घरात तिनं भिंतीकडे तोंड केलेलं थोरलीनं कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, उद्यापासून माझ्याकडे यायचं," थोरली म्हणाली.

थोरली गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यायामशाळेत शिकवायची. पूर्वी ते लाकडाचं गोदाम होतं. आता तिथे आरसे होते, बाक होते, लोखंडी दांडे होते आणि त्यांना अडकवायच्या लहानमोठ्या चकत्या होत्या. कोपऱ्यात भिंतीला मधोमध अडकवलेला एक मनगटाएवढा जाड दोर होता. त्याची दोन्ही टोकं दोन हातांत धरून लाटा उठवायच्या, असा तो व्यायाम.

बाबा पहिल्या दिवशी सरळ त्या दोरापाशी गेले. वास घेतला. पीळ चाचपला.

"यानं काय उचलतात?"

"काही नाही बाबा. नुसता हलवतात."

"कशाला?"

"घाम यायला."

"घाम यायला?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "काम न करता?"

बाकावर आडवा होऊन दांडा वर ढकलणारा टपालवाला हसायला लागला आणि त्याला दांडा जागेवर ठेवावा लागला. टपालवाला व्यायामशाळेचा सगळ्यात जुना गडी. छाती दरवाजाएवढी, आणि तिचा अभिमान दरवाजाहून मोठा.

"काका, हलवून तर बघा," तो म्हणाला. "माझ्याबरोबर. जो आधी थांबेल त्यानं चहा पाजायचा."

दोघं एकेक टोक घेऊन उभे राहिले. टपालवाल्यानं खांद्यांच्या जोरावर दोर जमिनीवर आपटायला सुरुवात केली. धाड, धाड. आरसे थरथरले. बाबांनी गुडघे किंचित वाकवले, आणि त्यांच्या हातातून एक लाट निघाली, गवतातून वारा जावा तशी भिंतीपर्यंत गेली, मावळायच्या आत दुसरी निघाली. त्यांच्या ओठांवर काहीतरी पुटपुट चालू होती. टपालवाला लाल झाला, मग जांभळा, मग त्यानं टोक टाकलं आणि तो जमिनीवर बसला.

"काका, तुम्ही श्वास घेता की नाही?"

"गाण्यात घ्यायचा असतो," बाबा म्हणाले. "साखर दोन चमचे सांग."

सगळे टाळ्या वाजवत होते. थोरली वाजवत नव्हती. तिनं पाहिलं होतं की बाबांची लाट सुंदर आहे, पण त्यांचे पाय काठीसारखे झालेत, आणि टोक खाली ठेवताना त्यांची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

"दोरानं दम टिकतो, बाबा," ती त्यांना बाजूला नेऊन म्हणाली. "लय टिकते. पण ताकद वाढत नाही. दोर रोज तेवढाच. लोखंडात आज एवढं, आठवड्यानं त्याहून चिमूटभर जास्त, असं वाढवता येतं. पाय उभे राहतात, पाठ उभी राहते."

"लोखंड मुकं असतं गं. दोर तरी उत्तर देतो. तुम्ही दमलात की त्याला कळतं."

"तुमची लाट छान आहे. पण आई लाट नाही ना. आई वजन आहे."

दोराचं टोक बाबांनी भिंतीशी नीट गुंडाळून ठेवलं आणि लोखंडापाशी येऊन उभे राहिले, शाळेत उशिरा नाव घातलेल्या मुलासारखे.

थंडी सरली. बाबा येत राहिले. आधी रिकामा दांडा, मग त्याला बशीएवढ्या चकत्या, मग ताटाएवढ्या. थोरली त्यांना जमिनीवरचा दांडा उचलायला शिकवायची : पाठ सरळ, जोर पायांत, हात म्हणजे नुसते आकडे. बाबा दांडा दोरासारखाच धरायचे, एक तळवा आत, एक तळवा बाहेर. दोन्ही तळवे आत ठेवा, नाहीतर बाहेरच्या हातावर ताण येतो, असं तिनं एकदा सांगून पाहिलं. ते ऐकत, आणि पुढच्या खेपेला बोटं पुन्हा जुन्या वळणावर जात. धरू दे, तिला वाटलं. धरण्यात हा माणूस कधी चुकलेला नाही.

आणि एक गोष्ट तिनं त्यांना शिकवलीच नाही. तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी पहिला धडा टाकण्याचा असे. रिकामा दांडा कमरेपर्यंत उचलायचा आणि ती ओरडली की तसाच रबराच्या चटईवर टाकायचा. "पेलत नाही असं वाटलं की सोडायचं," ती म्हणायची. "लाज नाही बाळगायची. लोखंडाला लागत नाही, तुम्हाला लागतं." टपालवाल्यालासुद्धा तिनं हा धडा दिला होता. बाबांना द्यायची वेळ आली तेव्हा तिची जीभ अडली. या तळव्यांना काय शिकवायचं, म्हणून तिनं तो धडा ओलांडला.

तिकडे घरी खरंच फरक पडत होता. बाबा आता टाच लावताना कण्हत नव्हते. आई सरसर वर जायची.

"काय खायला घालतेस यांना?" तिनं लेकीला विचारलं. "हल्ली मला विमानात बसल्यासारखं वाटतं."

"लोखंड घालते."

"तरीच जड बोलायला लागलेत."

बाबा खिडकीशी उभे राहून हसले. त्या दुपारी घरात थोडा वेळ असं वाटलं, की सगळं आहे असंच राहील.

मग आईच्या अंगावर सूज चढू लागली. आधी घोट्यांवर, मग पोटावर. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या. सूज उतरायची, पुन्हा चढायची, आणि दर वेळी थोडी आणखी वर यायची.

"चकती वाढव," एका सकाळी व्यायामशाळेत बाबा म्हणाले.

"आज नको. कालच वाढवलीय."

"तुझी आई वाढतेय. मी नको वाढायला?"

तिनं दोन्ही बाजूंना एकेक लहान चकती अडकवली. बाबा वाकले. एक तळवा आत, एक बाहेर. दांडा जमिनीवरून उठला, नडगीला घासत गुडघ्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. वर जाईना. बाबांच्या मानेची शीर फुगली, पाय थरथरू लागले, पाठ वाकायला लागली.

"सोडा!" थोरली ओरडली. "बाबा, सोडा!"

तिनं पाहिलं. त्यांची बोटं उघडली नाहीत. आवळली. पेरं पांढरी झाली, डोळे वर छताकडे गेले, तिथे काही शोधत असल्यासारखे, आणि दातांतून आवाज आला. तेव्हा तिला फुगा आठवला. ओठांवरचं बोट आठवलं.

"द्या!" ती किंचाळली. "बाबा, द्या, द्या!"

तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत ओलं फडकं फाटावं तसा आवाज झाला. उजव्या दंडातलं मांस कोपरापासून सुटून वर गेलं आणि खांद्याखाली गोळा होऊन बसलं, पडदा गुंडाळावा तसं. दांडा त्यांनी तरीही आपटला नाही. डाव्या हातानं, वाकत वाकत, खाली ठेवला.

टपालवाला धावत आला. त्यानं बाबांना पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत नेलं. त्याची छाती त्या दिवशी कामाला आली.

दवाखान्याच्या बाकावर बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. या वयात शिवून उपयोग नाही, असं सांगून डॉक्टर निघून गेले होते. हात हलेल, पण पीळ भरायचा नाही, मूठ पूर्वीची होणार नाही.

"तू ओरडलीस," बाबा म्हणाले. त्यांनी तो शब्द तेव्हाही उच्चारला नाही.

"हो, बाबा."

"मला वाटलं, वर माळ्यावर कुणीतरी दोरावरचा हात काढतंय."

थोरलीनं मान खाली घातली. तिच्या बोटांना दांडा धरताना लावायच्या खडूची पांढरी पूड लागलेली होती, ती तिनं ओढणीला पुसली, आणि मग पुसायला काही उरलं नाही तरी पुसत राहिली.

त्यानंतर ती सकाळी कामाआधी यायची, दुपारी यायची, संध्याकाळी यायची. गाव ओलांडून यायचं, आईला उचलायचं, पुसायचं, बसवायचं, पुन्हा गाव ओलांडून जायचं. दोर ओढायला तिला ताकद कमी पडत नव्हती. पण ती नसायची तेवढा वेळ आईला एकाच कुशीवर पडून राहावं लागे, आणि आईच्या पाठीवर लाल चट्टे दिसू लागले. व्यायामशाळेचे मालक चांगले होते, म्हणून ते नुसते घड्याळाकडे बघायचे.

बाबा खिडकीशी बसून आपला हात मांडीवर घेऊन असत, दुसऱ्या कुणाचं मूल सांभाळायला दिल्यासारखा.

एक दिवस दुपारी थोरली जिना चढून आली तर दार उघडेना. आतून काहीतरी टेकलेलं होतं.

"बाबा?"

"हळू ढकल," बाबांचा आवाज आला, दाराला चिकटून. "फार नको."

ती फटीतून अंग चोरून आत शिरली. बाबा दाराला पाठ लावून, गुडघे वाकवून, टाचा फरशीच्या खाचेत रोवून उभे होते. दोर त्यांनी कमरेला गुंडाळला होता आणि पावलापावलानं मागे सरकत पायांच्या बळावर आईला वर चढवलं होतं. लोखंडानं दिलेले पाय होते ते, त्यांनी काम केलं होतं. पण चढवायला पाय पुरतात. उतरवायला दोन हात लागतात, एकानं धरायचं, दुसऱ्यानं द्यायचं. आई पलंग आणि खुर्चीच्या मधोमध मखमलीच्या झोळीत लटकत होती. दोघंही गाणं म्हणत होती, अगदी हळू, दमलेल्या आवाजात.

"किती वेळ झाला?" थोरलीनं दोर धरत विचारलं.

"दूध उतू गेलं तेव्हापासून," आई म्हणाली.

दुधाचा जळका वास केव्हाच थंड झाला होता.

थोरलीनं तिला खाली घेतलं. बाबा दाराशीच बसले. त्यांच्या सदऱ्यावर, कमरेपाशी, दोराचा ओलसर लाल पट्टा उठला होता. आईनं तो पाहिला. मग तिनं लेकीचा हात धरला.

"मला पाठव तिकडे," ती म्हणाली. "संस्थेत."

"आई..."

"ऐक. हे दुसऱ्यांदा धरतायत. पहिल्यांदा हात गेले. आता कंबर. मी बघत बसू का वरून?"

"कोण कुठे जात नाही," बाबा दाराशी बसून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. कपडेपट माझा आहे. मला माहितेय कापड किती ताणतं ते."

संस्थेची गाडी ढगाळ सकाळी आली. दोन माणसं चाकांची गादी घेऊन वर आली. तरुण होती, दमदार, एकाच्या दंडावर थोरलीच्या व्यायामशाळेतल्यासारखी गोलाई होती.

"आम्ही उचलतो, आजी," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"मी दोरानंच येणार," आई म्हणाली. "सवय आहे मला."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाजूला उभे राहिले.

बाबांनी डाव्या हातानं झोळीचे चारही कान आकड्यात अडकवले. प्रत्येक कान ओढून पाहिला, मग पुन्हा पाहिला. आईचे केस त्यांनी झोळीबाहेर काढले. तिनं त्यांचा उजवा तळवा हातात घेतला, त्यावर रेघ नव्हती, तरी अंगठा फिरवला, रेघ असल्यासारखा.

"रोज भेटायला या," ती म्हणाली. "नाहीतर तिथे मी कुणावर ओरडू?"

थोरलीनं टाच पलंगाच्या पायाला लावली. बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"ओढ," ते म्हणाले.

आणि त्यांनी गाणं धरलं. आवाज चिरका होता, पण लय तीच. डोंगर वर गेला. आई वर गेली. खिडकीतल्या करड्या उजेडात क्षणभर ती थांबली, झोळीबाहेर फक्त तिची पांढरी वेणी लोंबत होती. त्या दोन माणसांनी गादी खाली सरकवली.

"दे," बाबा म्हणाले. "दे... दे गड्या दे..."

थोरली देत गेली. एका हातानं धरत, दुसऱ्यानं देत, टीचटीचभर. दोर तळव्यांतून गरम होऊन जात होता. नदी खाली आली. आई गादीवर टेकली. माणसांनी पट्टे बांधले, आकडा काढला. आकडा रिकामा होऊन हवेत हलला.

थोरलीच्या हातात दोर तसाच ताणलेला होता. मुठी उघडत नव्हत्या. खाली काही नव्हतं, वर काही नव्हतं, तरी ती टाच लावून उभी होती आणि गादीच्या चाकांचा आवाज दारापर्यंत गेला होता.

बाबांनी आपला दुबळा हात तिच्या मुठींवर ठेवला. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, कप्पीकडे, जिथे माळ्यावरच्यासारखं दोर धरून कुणी उभं नव्हतं. मग तिच्या कानाशी वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, अगदी हलकेच म्हणाले,

"सोड."